खंडेनवमीच्या अक्षता

ये, जरा जवळ सरक. कागदावरच का होईना, पण अशी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बस, कारण मला तुझा कान धरायचा आहे. जोरात नाही धरणार. तू माझ्या धाकट्या बहिणीची लेक, अकोल्याच्या ऑफिसात दिवसभर कम्प्युटरपुढं बसतेस, घरी येऊन पुन्हा चुलीपुढं उभी राहतेस, सगळं ठाऊक आहे मला. पण गेल्या आठवड्यात फोनवर तू जे बोललीस, ते काही माझ्या मनातून जात नाही. "मावशी, पहिली-चौथीच्या पोट्ट्याईले कायले पाह्यजे कम्प्युटर? डोळे खराब करून घ्यायले? खेळू दे ना त्याईले मातीत."

अवं शहाणे, आमची पोरं मातीतच असतात. शाळेतून आली की दप्तर फेकून वांग्याच्या वाफ्यात. माती पाहिजे तुझ्या लेकीला. तिच्या शाळेत पहिलीपासून कम्प्युटरचा तास आहे. उन्हाळ्यात मी तुझ्याकडे आले होते तेव्हा तिनं मला त्याच्यावर काढलेलं घर दाखवलं, लाल कौलांचं, अन् तू पदर खोचून शेजारी उभी, कौतुकानं हसत होतीस. तेव्हा डोळ्यांची काळजी नव्हती वाटत? मग आमच्याच पोट्ट्यांच्या डोळ्यांची तुला एवढी काळजी काहून?

रागावू नको. फोनवर मला नीट सांगता आलं नाही. आमच्याकडे नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडंच रेंज जाते, अन् मी आपली बंद फोनमध्ये पाच मिनिटं भांडत बसते. म्हणून लिहून पाठवते. गेल्या वर्षी शाळेत काय झालं ते तुला कोणी सांगितलेलं नाही. कोण सांगणार? सांगण्यासारखी गोष्ट माझीच होती, अन् ती काही मिरवण्यासारखी नव्हती.

आमची शाळा चौथीपर्यंतची. दोन खोल्या, एक व्हरांडा, अन् खिचडीचं सामान ठेवायची एक लहान खोली. शिकवायला मोठे सर अन् एक नवीन मॅडम. नात तेव्हा तिसरीत होती. तिचे आई-बाप, म्हणजे माझा लेक अन् सून, सकाळपासून भाजी तोडून अमरावतीला धाडण्याच्या घाईत, म्हणून शाळेच्या पालक समितीत मी. सभेला सगळ्यात आधी मी जाते अन् सगळ्यात जास्त मीच बोलते, असं लोक म्हणतात. म्हणू दे.

तर त्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर अमरावतीच्या कोणा भल्या माणसांनी त्यांच्या ऑफिसातले जुने चार कम्प्युटर शाळेला दिले. टेम्पोतून उतरवताना अख्खं गाव जमलं होतं. खिचडीच्या खोलीतले डबे हलवले, भिंतीला चुना मारला, चार टेबलं लावली. मॅडम आठवड्यातून दोनदा तिसरी-चौथीच्या पोरांना तिथं बसवू लागल्या. पहिल्या दिवशी नात पळत वावरात आली. मी कोथिंबिरीच्या, आपल्या सांबाराच्या, जुड्या बांधत होते. हातातली जुडी हिसकून घेतली अन् म्हणाली, "आजी, माझं नाव लग्नपत्रिकेतल्यासारखं आलं! म्याच लिहिलं!" सांबाराची पानं सगळीकडं उडाली. त्या दिवशी तिला रागावले नाही.

आता पुढं येते माझी करणी.

खंडेनवमीला आपण काय करतो? ज्याच्यावर पोट भरतं ते सगळं धुऊन पुसून मांडतो. खुरपी, विळे, पावडं, फवारणीचा पंप. हळद-कुंकू वाहतो, फुलानं पाणी शिंपडतो, अक्षता टाकतो. तुझ्या आजोबांच्या घरी तर तराजूलाही झेंडू बांधत. त्या दिवशी शाळेचं तोरण माझ्याकडं होतं, फुलं आमच्याच वावरातली, म्हणून सरांनी सकाळी किल्ली माझ्या हाती दिली. तोरण बांधलं, पाट्यांची पूजा मांडली, अन् मग त्या लहान खोलीत गेले. चार मशिनी कापडाखाली झाकलेल्या, गुमसुम. मला वाटलं, यांनी काय पाप केलं? पोरांची अवजारंच ना ही! कापडं काढली. प्रत्येकीच्या माथ्यावर कुंकू लावलं. झेंडूचं फूल तांब्यात बुडवून पाणी शिंपडलं, अन् ओल्या अक्षता, कुंकवात कालवलेल्या, अशा मूठभर, कंजुषी न करता, बटणांच्या पाटीवर वाहिल्या. कारण बोटं तिथं लागतात. विळ्याला आपण मुठीशीच कुंकू लावतो ना? तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन फुलं उचलली, वरवरच्या अक्षता झटकल्या, कापडं टाकली. मला पसारा आवडत नाही, तुला माहीत आहे. पुढचा तास व्हायच्या आधीच, चार दिवसांत मॅडमची बदली झाली, मग दिवाळीची सुटी लागली, अन् खोलीला कुलूप.

सुटीनंतर सरांनी मशिनी चालू केल्या. एका कीबोर्डची निम्मी बटणं खालीच जात नव्हती. दुसरी मशीन आपल्या मनानं एकच अक्षर लिहीत सुटली, ओळीच्या ओळी. उरलेल्या दोन रुसल्यासारख्या, दहादा दाबावं तेव्हा एकदा उमटे. सर माणूस वाईट नाही. पण मॅडम गेल्यापासून चारी वर्ग त्यांच्या एकट्यावर, शिवाय रोज कसली ना कसली माहिती वर पाठवायची. वैतागलेले होते. त्यांनी वर्गात विचारलं, "शेवटी कोणी हात लावला होता?" तर शेवटच्या तासाला माझी नात अन् तिची मैत्रीण बसल्या होत्या. झालं! सगळ्यांसमोर सर बोलले, "लहान पोरांच्या हाती असली वस्तू द्यायचीच नसते." खोलीला कुलूप लागलं. पुढच्या सभेत ठरवायचं होतं की चारही मशिनी तालुक्याच्या हायस्कूलला देऊन टाकायच्या.

घरी येऊन पोरगी काही बोलली नाही. मला तर हे शेजारणीकडून कळलं. पण त्या आठवड्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चटणी वाटायला घेतली अन् तिला म्हटलं, "दाब गं मिक्सरचं बटन." तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"तूच दाब आजी. म्या दाबलं तं बिघडते."

"कोण म्हणते?"

"कोणी नाई. बिघडतेच."

टीव्ही लावायचा तर लहान भावाला सांगे. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीजवळून जाताना तर हात काखेत घालून जाई, जसा त्या पेटीला तिचा वाराही लागू नये. आठ वर्षांची पोर! कम्प्युटर गेले तर गेले, लोखंड-प्लॅस्टिकच ते. पण ही पोरगी जन्मभर आपले हात पाठीमागं धरून हिंडली तर?

तुझ्या आईला विचार, तिला आठवत असेल. मला दुसरीतून काढलं तेव्हा कारण काय होतं? सकाळी झेंडू तोडायला माणूस पाहिजे होतं, अन् "पोरीच्या जातीले काय करायची पाटी". माझी पाटी भावाकडं गेली. पुढं मी वाचायला शिकले ते फुलांच्या पुड्या बांधायच्या रद्दीवर. गिऱ्हाईक ताटकळत उभं अन् मी कागद वाचून मगच पुडी बांधायची. कागद नेहमी अर्धा फाडलेला, त्यामुळं आजपर्यंत कितीतरी चोऱ्यांचे चोर मला माहीत नाहीत, नुसत्या चोऱ्याच माहीत आहेत. म्हणून कोणी "हिला काय करायचं", "यांना काय करायचं" म्हटलं की माझे कान टवकारतात. सूर ओळखीचा आहे, बाई. साठ वर्षांपूर्वीचा आहे.

तेव्हा मी पदर खोचला. सरांकडं गेले अन् म्हटलं, "सर, सभेच्या पहिले मले ते बटनाच्या पाट्या द्या. नांदगावले नेतो. पोट्ट्याईनं बिघडवल्या का आपोआप बिघडल्या, ते तं कळू द्या." सर म्हणाले, "काकू, कशाला त्रास?" मी म्हटलं, "भाजी घेऊन जाऊनच राहिली. पाट्या काय खातेत काय?"

चारही कीबोर्ड जुन्या लुगड्यात गुंडाळले, टोपलीत मेथीच्या खाली ठेवले अन् बाजाराच्या दिवशी बसनं नांदगाव गाठलं. तिथं बसस्टँडजवळ एक चाचा आहेत, पंखे, मिक्सर, रेडिओ, काय म्हणशील ते दुरुस्त करतात. वयानं माझ्याएवढेच, पण सगळं गाव चाचा म्हणतं म्हणून मीही म्हणते. आमचा फवारणीचा पंप त्यांनी तीनदा जिवंत केला आहे.

मी कीबोर्ड त्यांच्यापुढं मांडले अन् आधीच सांगून टाकलं, "चाचा, नीट पाहा. हे लेकराईनं केलेलं नाई, हे मले सिद्ध करून पाह्यजे."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, स्क्रू काढले, पाटी उघडली, अन् उघडली तशीच धरून राहिले. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकला आला. पण ते हसत होते.

"बाई, हे बिघडलं नाई. ह्यात तं पुलाव शिजून राह्यला!"

वाकून पाहिलं. बटणांच्या खाली, फटीफटीत, लाल-पिवळे तांदळाचे दाणे. ओले पडले, तिथंच वाळले, कुंकवासकट चिकटून बसले. एका पाटीत तर झेंडूची पाकळीसुद्धा होती. माझ्याच वावरातल्या केशरी झेंडूची. मी ती कुठंही ओळखीन.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाकळी तीच होती.

चाचांनी एका दुसऱ्या पाटीतून चिमट्यानं दाणा काढून माझ्यापुढं धरला. "कोनं केलं हे?"

"म्या," मी म्हटलं. "खंडेनवमीले."

त्यांचं हसू थांबलं. मग हळूच म्हणाले, "दुकान उघडताना आमी बी दुआ मांगतो, बाई. रोज मांगतो. पन मशीनच्या पोटात काही टाकत नाई. वरून करा पूजा. पोटात तिले फक्त लाइट लागते."

दोन तास ते दाणे वेचत बसले. तीन पाट्या ठणठणीत झाल्या. चौथीतलं एक बटण काही केल्या बोलेना. पाणी आत मुरलं होतं. ते होतं 'क'चं. मी मेथी विकून परत आले तेव्हा सगळं बांधून तयार. मजुरी विचारली तर म्हणाले, "दोन जुड्या ठेवून जा." अन् वर म्हणाले, "मास्तरले सांगजा, धूळ गेली होती म्हणून. कोनाले काय समजते?"

हे ते चांगल्या मनानं बोलले. पण परतीच्या बसमध्ये तेच वाक्य माझ्याशेजारी बसून आलं. धूळ गेली होती. किती सोपं! सरांना पटलं असतं. माझी सभेतली पत राहिली असती. पूजेवर बोट आलं नसतं, कारण आमच्या गावात पूजेनं काही बिघडतं हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. मशिनी चालू करताना सरांनी त्यांच्या माथ्यावरचं कुंकू पाहिलं होतं, तरी त्यांच्या मनात आलं ते पोरांचेच हात. माझ्याही मनात दुसरं कुठं आलं होतं? पण मी जर धूळ म्हटलं, तर सर म्हणणार, चला, दुरुस्त झालं, एवढंच. ज्या दोन पोरींची नावं त्यांनी वर्गात घेतली, ती तशीच राहणार. अन् घरी एक पोरगी हात पाठीमागं धरून उभी राहणार.

मी बस थांबायच्या आधीच उठून उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "बसा आजी, पडसान." म्हटलं, "आता काय पडायचं राह्यलं?"

चाचांनी काढलेले दाणे मी कागदाच्या पुडीत मागून आणले होते. सभेच्या दिवशी ती पुडी कमरेला खोचली. मोठे सर, समितीचे अध्यक्ष, पाच-सहा बाया, तीन-चार बाप्ये. मशिनी हायस्कूलला द्यायचा विषय निघाला तशी मी उठले, पुडी टेबलावर ठेवली अन् उघडली.

"सर, मशिनी पोट्ट्याईनं नाई बिघडवल्या. म्या बिघडवल्या."

"काकू, हे काय आहे?"

"खंडेनवमीच्या अक्षता. तुमच्या बटनाच्या खालून काढल्या."

सगळे पुडीवर वाकले. मग अध्यक्ष, जे मला भर चौकातही सोडत नाहीत, ते म्हणाले, "काकू, सरस्वतीले इतका भात वाढला तं ते झोपनच ना!" सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते. एक बाई पदराआडून म्हणाली, "पूजेनं कुठं बिघडत असते काय वं?" मी म्हटलं, "बिघडते, बाई. ओल्या हातानं केली तं बिघडते. आता पायलं ना आपल्या डोळ्यानं."

अन् मग मी जे मागायला गेले होते ते मागितलं. "सर, दोघी पोरींची नावं तुमी वर्गात घेतली. आता वर्गातच सांगा, त्याईच्या हातानं काही बिघडलं नाई म्हणून. माझ्या तोंडून ते मानत नाईत."

मला वाटलं, मास्तर माणूस, पोरांपुढं मान तुकवणार नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघींना पुढं बोलावलं अन् सांगितलं, "तुमचं काही चुकलं नव्हतं. न विचारता मी बोललो. माझं चुकलं." मी खिडकीबाहेरच उभी होते.

नात संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं आता गळ्यात पडेल. कशाची पडते!

"तू पहिलेच काहून नाई सांगतलं?"

"मलेच माहीत नव्हतं, माय."

"मंग मले तरी कसं माहीत असन?" ती म्हणाली. "मले तं कोणी विचारलंबी नाई."

दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

पण सभा तिथं संपली नव्हती. ते मागं राहिलं सांगायचं. सर म्हणाले होते, "काकू, बिघाडाचं समजलं. पण प्रश्न राहतोच. प्राथमिकच्या मुलांना हे हवंच कशाला? तिसरीतल्या काहींना अजून जोडाक्षर वाचता येत नाही. आधी वाचणं-लिहिणं पक्कं होऊ द्या. पुढं हायस्कूलमध्ये शिकतीलच." तुझ्यासारखंच बोलले. अन् त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला जास्त विचार करून बोलावं लागलं.

मी म्हटलं, "सर, आमच्या घरी पोरगं सहा वर्षांचं झालं का त्याच्या हातात खुरपं देतो. मोठं नाई, झिजलेलं, लहान. विळा नाई देत. अन् खुरपं देऊन निघून नाई जात. शेजारच्या ओळीत आपण बसतो. ते तण सोडून मेथीच उपटते, तवा हात धरून दाखवतो. घंटाभर झाला का म्हणतो, जा, खेळ आता. पण दहावी झाल्यावर खुरपं हातात दिलं तं त्याले वावराचंच भेव वाटते. मी वीस वर्षांची होतो तवा पहिल्यांदा फोन कानाले लावला, तं उलटा लावला होता. अजून बँकेतल्या मशीनपुढं उभी राह्यली का माझे हात थरथरतेत. मले माझ्या नातीचे हात थरथरायले नको."

अध्यक्ष म्हणाले, "मंग शेजारच्या ओळीत बसन कोण? मॅडम तं गेल्या."

"मी बसतो," मी म्हणून गेले.

"तुमाले येते काय त्यातलं?"

"नाई येत. म्हणून तं पोट्टे मले शिकवतीन. अन् ओल्या हातानं कोणी आलं तं दारातूनच परत धाडीन, इतकं तं मले आता सगळ्याईपेक्षा जास्त समजते."

सर हसले, त्या दिवसात पहिल्यांदा. म्हणाले, पंधरा दिवसांनी तालुक्याहून साहेब येणार आहेत, तोपर्यंत चालवून पाहू. पोरांनी काही करून दाखवलं तर तेच ठरवतील.

मग पंधरा दिवस मी रोज भाजी लवकर बांधून अकराला शाळेत. नियम माझे. हात धुऊन, पुसून, वाळवून यायचं. आधी पाटीवर लिहायचं, सरांकडून तपासून घ्यायचं, मगच बटणाला हात. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं. वीस मिनिटं झाली की उठायचं, बाहेर लिंबाच्या झाडाला शिवून यायचं. डोळ्यांसाठी गं! तुझी काळजी मला तेव्हाही होती, फक्त मी ती घेऊन घरी नाही बसले.

अन् एक गंमत सांगते. ज्यांना जोडाक्षर येत नव्हतं, त्यांना तिथं येऊ लागलं. कारण पाटीवर कसंही खरडलं तरी चालतं, पण मशीन चालवून घेत नाही. अर्धं अक्षर आधी दाबलं नाही तर पुढचं त्याला चिकटत नाही. एक पोरगा 'वाफ्यात' हा एक शब्द लिहायला वीसच्या वीस मिनिटं बसला, अन् उमटला तेव्हा असा ओरडला की सर हातातला खडू टाकून धावत आले.

नात पहिले चार दिवस नुसती वाचायची. बटणाला हात नाही. मी काही म्हटलं नाही. पाचव्या दिवशी मीच बसले लिहायला. माझं एक बोट, त्या बोटाला भाजीचा डाग, अन् अक्षर शोधता शोधता नाकाला चष्मा घसरलेला. 'म' सापडेना. मी आपली पाटीभर बोट फिरवत होते. तिनं बराच वेळ सहन केलं. मग मागचा एक हात पुढं आला अन् तिनं ते बटण दाबलं.

"हे पाहा ना, इथंच तं आहे!"

दाबलं, अन् काही बिघडलं नाही. तिनं पुन्हा दाबलं. मग माझा हात बाजूला सारून स्वतः बसली. मी उठून लिंबाच्या झाडाला शिवून आले. वीस मिनिटं झाली नव्हती तरी.

साहेबांना काय दाखवायचं, हे पोरांनीच ठरवलं. अर्ज लिहायचा. तिसरी-चौथीची चौदा पोरं, एकेकाची एकेक ओळ. आता शाळेचा कागद छापायचा प्रिंटर ज्या मशीनला जोडला होता, तिला नेमका तोच 'क' मेलेला कीबोर्ड लावलेला होता. पोरांनी जिथं 'क' यायचा तिथं जागा सोडली अन् कागद निघाल्यावर पेन्सिलनं भरला. सर म्हणाले, "दुसरा कीबोर्ड लावतो, स्वच्छ छापू." मी आडवी आले. "असाच जाऊ द्या, सर. स्वच्छ छापला तं साहेब म्हणतीन, मास्तरनं लिहून दिला."

साहेब आले. खुर्चीवर बसून अर्ज वाचला. 'आमचे संगणक नेऊ नका. आम्ही हात धुऊन बसतो. वीस मिनिटांनी उठतो. आम्हाला घरच्या भाजीच्या नावांचा फलक करायचा आहे.' अशा चौदा ओळी. त्यांनी कागद उन्हाकडं धरला अन् विचारलं, "हा 'क' सगळीकडे पेन्सिलनं का?"

नात उभी राहिली. हात पुढं बांधलेले, पाठीमागं नाही. "साहेब, त्या बटनाखाली आजीच्या अक्षता गेल्या होत्या. बाकीची चाचांनी चांगली केली. हे एक नाई झालं."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर सावरला अन् म्हटलं, "हो. खरं आहे." दुसऱ्यांदा कबूल करायला पहिल्याएवढं जड जात नाही.

साहेबांनी तिला मशीनपुढं बसवलं. "काहीही लिहून दाखव." तिनं मेथी लिहिलं, सांबार लिहिलं, वांगी लिहिलं. हळूहळू, पण न थांबता, न कुणाकडं पाहता. साहेब उभे राहून पाहत होते. मी मात्र पडद्याकडं नाही, तिच्या बोटांकडं पाहत होते. थरथरत नव्हती.

चारही मशिनी राहिल्या असं सांगितलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. नाही राहिल्या. हायस्कूललाही गरज होती, दोन तिकडं गेल्या. दोन इथं राहिल्या, त्यात ती 'क' नसलेली एक. त्या दोन परत आणायचं माझ्या डोक्यात आहे. त्याच नाही तर दुसऱ्या. सभेत दर महिन्याला विषय काढते. अध्यक्ष मला पाहिलं की आधीच म्हणतात, "काकू, मांडा तुमचा विषय, मंग चहा पिऊ." मांडते. कंटाळतील अन् देतील. नाही दिल्या तर पुढच्या महिन्यात पुन्हा मांडीन.

यंदा खंडेनवमीला किल्ली पुन्हा माझ्याकडं होती. दारात पोरांची फौज उभी, "आजी, पाणी नको! आजी, अक्षता नको!" मी टेबलाच्या पायाला कोरडं कुंकू लावलं, झेंडूची माळ खिडकीला बांधली. अक्षता ताटलीतच ठेवल्या, हातभर दूर. पूजा झाली. कोणाला ती कमी वाटली असेल तर वाटू दे.

आता माझं काम ऐक. मला अक्षरं शोधता येतात, कागद काढता येतो, बंद-चालू करता येतं. तेवढ्यावर माझी ओळ संपते. पोरांना त्या भाजीच्या फलकावर चित्रं काढायची आहेत, लाल कौलांच्या घरासारखी, अन् ते काही मला येत नाही. सरांना वेळ नाही. नवीन मॅडम अजून आल्या नाहीत. नात रोज विचारते, "अकोल्याच्या आत्याले येते ना?" मी सांगून बसले आहे, येते म्हणून.

तर शनिवारी ये. सकाळची शाळा असते, साडेसातला. शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला येजो, म्हणजे सकाळी घाई नको. लेकीला आण. तिला वांग्याच्या ओळीत माझ्या शेजारी बसवते, लहान खुरपं काढून ठेवलं आहे. तू एक सकाळ आमच्या पोट्ट्यांच्या शेजारच्या ओळीत बस. बसून पाहा, अन् मग मला तोंडावर सांग की यांना नको म्हणून.

येशील तेव्हा हात कोरडे करून ये. पोरं दारातच तपासतात.